खूण नसलेल्या क्लॅरेट जगची ओळख पटवताना

इंग्लंडच्या मध्य भागात, डडलीजवळ, आम्ही राहायला आलो त्याला वीस वर्षे होऊन गेली. परंतु आपल्या घरापासून चार-पाच मैलांच्या आत शतकानुशतके काच फुंकली जात होती, ही गोष्ट माझ्या मनावर ठसायला एक जुना काचेचा जग घरात यावा लागला. इथे उन्हाळ्यात रविवारी सकाळी लोक मोकळ्या मैदानावर मोटारी उभ्या करतात आणि डिकीतले जुनेपाने सामान टेबलावर मांडून विकतात. अशाच एका टेबलावर जुन्या कपबशांच्या गर्दीत मला हा जग दिसला. बुचासह साधारण २९ सेंटिमीटर उंच, निमुळत्या मानेचा, खाली आखूड दांडी आणि गोल बैठक असलेला, आणि पोटावर सर्व बाजूंनी नेच्याची पाने कोरलेली. क्लॅरेट म्हणजे फ्रान्समधील बोर्डो भागातील तांबडी वाइन. ती बाटलीतून ओतून जेवणाच्या टेबलावर आणण्यासाठी असे जग वापरत. विक्रेत्याने चौदा पौंड मागितले आणि सोबत माहितीही दिली, की हा व्हिक्टोरियन काळातील असून जवळच्याच, काचेसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टावरब्रिजचा आहे, बहुधा वेब यांच्या कारखान्यातला. पुरावा म्हणून त्याने मानेच्या कडेला ओरखडलेला १७ हा आकडा दाखवला आणि हा कारखान्याचा नमुना-क्रमांक आहे, असे सांगितले.

मी व्यवसायाने औषधनिर्माती आहे. वजन, माप आणि चिठ्ठी यांवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच कदाचित त्या आकड्याने मला फसवले. पुढचे जवळजवळ तीन आठवडे मी जुन्या याद्यांमध्ये १७ क्रमांकाचा नमुना शोधत होते. शेवटी एका संध्याकाळी जग धुताना बूच हातात आले आणि बुचाच्या खालच्या, खरखरीत घासलेल्या भागावरही तोच १७ दिसला. त्याचा अर्थ कळायला मग वेळ लागला नाही. काचेचे बूच आणि मान कुरुंदाची पूड व पाणी घालून एकमेकांना बसेल असे घासावे लागते. प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे घासली जात असल्यामुळे एका जगचे बूच दुसऱ्याला नीट बसत नाही, आणि ढिगात जोड्या चुकू नयेत म्हणून कारागीर दोन्हींवर एकच आकडा ओरखडून ठेवत. त्या आकड्याचा कारखान्याच्या वहीशी काडीचा संबंध नव्हता. मात्र तीन आठवडे पूर्णपणे वाया गेले असेही म्हणता येणार नाही, कारण बूच मूळचेच आहे एवढे त्यातून निश्चित झाले, आणि जुन्या जगांच्या बाबतीत ही लहान गोष्ट नाही.

जगवर कारखान्याची खूण का नसावी, हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हाताने फुंकलेल्या चांगल्या काचेवर कारखान्याचे नाव क्वचितच असे. माल मोठ्या शहरांतील काच-चिनीमातीच्या दुकानांतून विकला जाई, आणि गिऱ्हाइकाने आपल्याला वगळून थेट कारखान्याकडे जावे, असे कोणत्या दुकानदाराला वाटेल? नाव असलेच तर कागदी चिठ्ठीवर, आणि ती पहिल्या धुण्यातच निघून जाई. आम्लाने उमटवलेले शिक्के सर्रास दिसू लागतात ते विसाव्या शतकात. १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या आकृतिबंधांवर चौकटच्या आकाराची खूण असे आणि १८८४ पासून त्याऐवजी सरळ नोंदणी क्रमांक येऊ लागला. परंतु ही सोय साच्यात दाबून केलेल्या मालाला अधिक उपयोगी होती. माझ्या जगवर यातले काहीच नव्हते, आणि नसणे हेच नेहमीचे होते.

तेव्हा नावाचा नाद सोडून मी वस्तूकडे वळले. पहिला प्रश्न काच कोणत्या जातीची, हा होता. लंडनमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी १६७४ साली शिसेयुक्त काचेचे पेटंट घेतले आणि त्यानंतर इंग्लंडमधील उत्तम काच म्हणजे शिशाची काच, असे समीकरण झाले. बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, काच पोटॅश आणि चुन्याची, म्हणून वजनाला हलकी. नक्षी कितीही सारखी दिसली तरी घनता खोटे बोलत नाही: साधी सोडा-चुन्याची काच पाण्याच्या सुमारे अडीच पट भरते, तर भरपूर शिसे असलेली इंग्लिश काच तीन पटींच्या आसपास जाते. नखाने टिचकी मारून नाद ऐकण्याची पद्धतही लोक सांगतात. शिशाची पातळ काच घंटेसारखी वाजते हे खरे आहे, परंतु भांड्याचा आकार, जाडी आणि कान यांमुळे नाद इतका बदलतो की मी त्यावर विसंबले नाही.

घनता काढण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जग कोरडा तोलला, बूच वेगळे ठेवून, तेव्हा ७४२ ग्रॅम भरला. मग एक बादली पाण्याने बरीचशी भरून दहा किलोपर्यंतच्या काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि जग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असा लोंबता धरला. अशा वेळी काट्यावर जितके ग्रॅम वाढतात तितके घन सेंटिमीटर वस्तूचे आकारमान असते. पहिल्या खेपेस २६८ आले, म्हणजे घनता २.७७. हा आकडा ना इकडचा ना तिकडचा. मी हिरमुसून जग वर काढला आणि मग लक्षात आले की अरुंद मानेखाली खांद्यापाशी हवेचा मोठा बुडबुडा अडकून राहिला होता. दुसऱ्या खेपेस जग आडवा करून, हळूहळू फिरवून, आतली सगळी हवा काढली, पाण्यात साबणाचा एक थेंबही टाकला, आणि काटा २४३ वर स्थिरावला. ७४२ भागिले २४३ म्हणजे ३.०५. खात्री व्हावी म्हणून तीन वेळा केले. काच शिशाची होती आणि शिसे भरपूर होते. बोहेमियाचा प्रश्न एवढ्यावर मिटला. फ्रान्सचा मात्र मिटला नाही, कारण बकारासारखे तिथले कारखानेही शिशाचीच काच करत.

अतिनील प्रकाशाचीही परीक्षा घेतली, पण तिथे माझी पुन्हा एक चूक झाली. बाजारात मिळणारा स्वस्त जांभळा टॉर्च लांब तरंगलांबीचा असतो. त्याखाली शिशाची काच फारसे काही सांगत नाही. मँगनीज घालून रंगहीन केलेली काच त्यात हिरवट चमकते, एवढाच त्याचा उपयोग. शिशाच्या काचेची फिकट बर्फासारखी निळी झळाळी दिसते ती आखूड तरंगलांबीच्या, २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली, आणि तो दिवा डोळ्यांना आणि कातडीला घातक असल्यामुळे चष्मा व हातमोजे घालूनच वापरावा लागतो. ओळखीच्या एका नाणेसंग्राहकाकडे तसा दिवा होता. अंधाऱ्या खोलीत जग निळसर उजळला, बूचही त्याच छटेत उजळले. घनतेने सांगितलेलेच पुन्हा ऐकायला मिळाले, परंतु बूच आणि जग एकाच काचेचे आहेत हा जादा लाभ.

काळ ठरवण्यासाठी सर्वांत जास्त उपयोग झाला तो कानाचा. आपण कपाच्या दांड्याला कान म्हणतो तोच हा कान. इंग्रजीत त्याला हँडल म्हणतात. जुन्या पद्धतीत कारागीर वितळलेल्या काचेचा गोळा आधी वर, मानेपाशी चिकटवत असे आणि तो खाली ओढत नेऊन पोटावर टेकवत असे. त्यामुळे असा कान वरच्या टोकाला जाड आणि खाली निमुळता होत गेलेला, बहुधा शेवटी शेपटीसारखा वळलेला असतो. साधारण १८६५ ते १८७० च्या सुमारास पद्धत उलटी झाली: गोळा आधी खाली पोटावर लावायचा आणि वर ओढून मानेला जोडायचा. या पद्धतीत भार पेलणारा खालचा जोड भक्कम होतो, आणि कान खाली जाड, वर बारीक दिसतो. माझ्या जगचा कान खाली स्पष्टपणे जाड होता आणि वरच्या जोडापाशी काच दुमडून कापल्याची खूण होती. म्हणजे १८७० च्या फार मागे जाण्याचे कारण नव्हते. जुन्या पद्धतीने काम करणारा एखादा म्हातारा कारागीर १८७५ मध्येही सापडू शकतो, मात्र नवी पद्धत १८४० मध्ये सापडणे कठीण, म्हणून हा पुरावा एकाच दिशेने भक्कम आहे.

बैठकीच्या तळाशी मध्यभागी गोल, गुळगुळीत, बोटाला जेमतेम जाणवणारा खळगा होता. काच फुंकून झाल्यावर भांडे फुंकनळीवरून सोडवण्याआधी त्याच्या तळाला एक लोखंडी सळई चिकटवत, काठ व कान यांचे काम करत, आणि मग सळई तोडत. अठराव्या शतकातील बऱ्याच पेल्यांवर त्या तुटीचा खरखरीत वण तसाच राहिलेला असतो. पुढे तो घासून चकचकीत करण्याची रीत पडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बैठक चिमट्यात धरण्याचे साधन आल्यावर पुष्कळशा भांड्यांवर वण उमटेनासाच झाला. घासलेला खळगा हा त्यामुळे फार बोलका साक्षीदार नव्हे. शतकभराच्या अवधीत तो कुठेही बसतो. बैठकीच्या कडेवरील ओरखडे मात्र मी भिंगातून बराच वेळ पाहिले. खऱ्या वापराचे ओरखडे सगळ्या दिशांना, काही खोल काही उथळ, आणि भांडे जिथे प्रत्यक्ष टेकते तेवढ्याच पट्ट्यात असतात. पॉलिश-कागदावर गोल फिरवून म्हातारपण आणलेले असेल तर ते एकाच दिशेने, एकाच खोलीचे दिसतात. इथले ओरखडे प्रामाणिक वाटले.

मग मुख्य गोष्ट, म्हणजे कोरीव काम. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पहिला निवाडा करायचा तो चाकाने कोरले आहे की आम्लाने खाल्ले आहे याचा. १८६० च्या दशकात स्टावरब्रिजजवळच्या वर्डस्लीचे जॉन नॉर्थवुड यांनी अशी यंत्रे काढली, की काचेवर लावलेल्या मेणासारख्या थरातून सुईने नक्षी ओढायची आणि मग हायड्रोफ्लुओरिक आम्लात भांडे बुडवायचे. आम्लाने उमटलेली रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची असते आणि तिची दोन्ही टोके बोथट असतात. चाकाची रेघ तशी नसते. चाक काचेला हळूच टेकते, खोल जाते आणि वर उचलले जाते, म्हणून प्रत्येक रेघ मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती, तांदळाच्या दाण्यासारखी दिसते, आणि तिच्या पोटात कुरुंदाच्या कणांनी पाडलेल्या सूक्ष्म रेषा चाकाच्या फिरण्याच्या दिशेने धावताना दिसतात. माझ्या नेच्याचे प्रत्येक पर्णदल अशाच एका स्पर्शात उमटले होते. मधली शीर आधी, मग दोन्ही बाजूंना टोकाकडे लहान होत गेलेले दाणे. मी एका पानावरचे मोजले, एका बाजूला एकवीस आणि दुसऱ्या बाजूला तेवीस. यंत्राने केले असते तर हा फरक पडला नसता.

हे काम कसे चालते ते मला पुढे वर्डस्लीच्या स्टावरब्रिज काच संग्रहालयात एका निवृत्त कोरक्याने उलगडून सांगितले. २०२२ मध्ये उघडलेले हे संग्रहालय जुन्या व्हाइट हाउस कारखान्याच्या जागेवर आहे आणि रस्त्याच्या पलीकडे रेड हाउस कारखान्याच्या भट्टीभोवतीचा, अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, विटांचा शंकू आजही उभा आहे. तांब्याची चाके टाचणीच्या डोक्याएवढ्या आकारापासून तळहाताएवढ्या आकारापर्यंतची असतात, त्यांच्या कडेला जवसाच्या तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावतात, आणि काच चाकाच्या खालून वर दाबतात. पैलू पाडणारा कारागीर दगडी चाकावर वरून काच दाबतो, त्याला आपण काय कापतो ते काचेतून पलीकडे दिसते. कोरक्याच्या बाबतीत मात्र चाक आणि काळे तेल नेमकी तीच जागा झाकतात जिथे रेघ उमटत असते. म्हणजे तो बऱ्याच अंशी आवाजावर आणि बोटांवर काम करतो. त्या गृहस्थांनी जग हातात घेतला तेव्हा त्यांनी पाहिले कमी आणि चाचपले जास्त. आणि पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की हा जग एका हाताचा नाही, याची काच एका जागी फुंकलेली आणि नक्षी दुसऱ्या जागी कोरलेली असण्याची शक्यता धरून चालावे.

हा मुद्दा मला आधी कोणी सांगितला असता तर वेब, रिचर्डसन, स्टीव्हन्स अँड विल्यम्स अशा नावांच्या मागे मी इतकी धावले नसते. स्टावरब्रिज परिसरात कारखान्यांच्या जोडीला सजावटीच्या स्वतंत्र कार्यशाळा होत्या. कोरे भांडे एका कारखान्यातून निघे आणि दुसऱ्याच्या चाकाखाली जाई. बोहेमियातून आलेले फ्रेडरिक क्नी आणि विल्यम फ्रित्शे यांच्यासारखे निष्णात कोरके अँबलकोटमधील डेनिस कारखान्यात, म्हणजे टॉमस वेब यांच्याकडे, आपापली कार्यशाळा चालवत; फ्रित्शे यांनी १८८६ मध्ये पूर्ण केलेली सुरई आज अमेरिकेतील कॉर्निंगच्या काच संग्रहालयात आहे. त्यांच्या तोडीच्या कामाची ओळख सहीमुळे आणि दर्जामुळे पटते. माझ्या जगची नक्षी नीटस आहे, पण ती दिवसाला ठरावीक नग पुरे करणाऱ्या अनामिक माणसाची आहे, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला. एका जागी एक पान दुसऱ्यावर चढले आहे. जागेचा अंदाज चुकला, एवढाच त्याचा अर्थ.

नेच्याच्या नक्षीनेही काळाला दुजोरा दिला. व्हिक्टोरियन इंग्लंडला एकेकाळी नेच्याचे वेडच लागले होते. लोक डोंगरदऱ्यांतून रोपे खणून आणत, दिवाणखान्यात काचेच्या पेटीत वाढवत, आणि भिंतीच्या कागदापासून कबरीच्या दगडापर्यंत सगळीकडे तीच पाने उमटत. काचेवर हे पान १८६० पासून पुढची काही दशके लोकप्रिय राहिले. अडचण अशी की ते फक्त स्टावरब्रिजला लोकप्रिय नव्हते: एडिंबरोमध्येही बोहेमियातून आलेल्या कोरक्यांनी नेच्याची नक्षी मोठ्या प्रमाणावर केली. कोकणात पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर नेचा कसा उगवतो ते मी लहानपणी पाहिले आहे; माझ्या जगवरची पाने पाहून ती आठवण झाली खरी, पण आठवण हा काही पुरावा नाही.

कागदाचा पुरावा शोधण्यासाठी मी डडलीच्या अभिलेखागारात चार वेळा गेले. या परिसरातील बंद पडलेल्या कारखान्यांच्या नमुना-वह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. आधी कळवून वेळ घ्यावी लागते, शिसपेन्सिलीशिवाय काही आत नेता येत नाही, आणि वही फोमच्या उशीवर ठेवून पाने एकेक करून उलटावी लागतात. आत शाईने काढलेली लहान चित्रे, शेजारी क्रमांक, आणि नक्षी बहुतेक वेळा पूर्ण न काढता तिचा एक तुकडाच दाखवलेला. कारण वही कारागिरांसाठी होती आणि बाकीचे त्यांना ठाऊक होते. ही चित्रे पाहणे एकेकाळच्या दुकानाची हिशेबवही वाचण्यासारखे आहे, त्यात रमायला होते आणि जेवणाची वेळ टळून जाते. तिसऱ्या फेरीत माझ्या जगच्या आकाराचे चित्र सापडले, तशीच निमुळती मान, तशीच आखूड दांडी. मी अक्षरशः खुर्चीतून उठले. चौथ्या फेरीत जवळजवळ तोच आकार दुसऱ्या कारखान्याच्या वहीत सापडला. पहिल्या चित्रावर नेचा होता, पण पानांची मांडणी उभी. दुसऱ्यावर नुसते द्राक्षवेल. चालणारा आकार दिसला की शेजारचा कारखाना तो उचलत असे.

नाव देण्यासाठी मला काय लागले असते, हे तिथे मला स्पष्ट झाले. आकार, नक्षी, कानाची घडण आणि बूच या चारही गोष्टी एकाच चित्रात, एकाच क्रमांकाखाली, जुळायला हव्या होत्या. माझ्याकडे एक जुळत होती, ती दोन ठिकाणी. विक्रेत्याने वेब म्हटले ते खोटेच असेल असे नाही. फक्त ते खरे म्हणण्याला आधार नाही. वेब यांच्या कारखान्याचे नाव मोठे, १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना सर्वोच्च पारितोषिक मिळालेले, म्हणून बेवारस चांगली काच त्यांच्या दारात नेऊन ठेवण्याची बाजाराला सवय आहे.

एक शंका शेवटपर्यंत राहिली होती, ती नक्षी काचेपेक्षा नवी तर नाही ना, याची. अठराव्या शतकातील साध्या पेल्यांवर पुढच्या काळात जॅकोबाइटांचे, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचे, गुलाब कोरून किंमत वाढवल्याची उदाहरणे संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहेत. ही परीक्षा अगदी साधी आहे. जुन्या नक्षीवर वापराचे ओरखडे आडवे गेलेले असतात, नव्या नक्षीने ते मध्येच खाल्लेले असतात. मी जगचे पोट तिरप्या उजेडात इंचाइंचाने पाहिले. कपाटात शेजारच्या भांड्याला घासून पडलेला एक लांब ओरखडा साध्या काचेवरून सुरू होऊन तीन पानांवरून सरळ पलीकडे जात होता, आणि कोरलेल्या खळग्यांच्या तळाशी करड्या रंगाचा घट्ट मळ होता जो टाचणीनेही निघाला नाही. नक्षी आणि काच एकाच वयाची आहेत, असे मी धरले.

आमच्याकडे आता तो जग दिवाणखान्यातल्या कपाटात असतो आणि वर्षातून दोनदा, पाहुणे आले की, कोकम सरबतासाठी बाहेर निघतो. शिशाच्या भांड्यात आंबट पेय साठवून ठेवायचे नसते, म्हणून ते ओतल्यावर लगेच वाढायचे आणि जग लगेच धुवायचा, हा नियम मी घरात घातला आहे. बैठकीखाली ठेवलेल्या कार्डावर मी शाईने लिहिले आहे: शिशाची काच, घनता ३.०५, तांब्याच्या चाकाने कोरलेला नेचा, बूच मूळचे, जोडी क्रमांक १७, सुमारे १८७० ते १८९०, इंग्लिश किंवा स्कॉटिश, बहुधा इंग्लिश (फ्रान्सची शक्यता पूर्ण मिटलेली नाही). कारखान्याच्या रकान्यात काही लिहिलेले नाही. अभिलेखागारात पाहायच्या उरलेल्या वह्यांची यादी मात्र त्याच कार्डाच्या पाठीमागे पेन्सिलीने आहे, आणि तिच्यातल्या दोनच ओळी आतापर्यंत खोडून झाल्या आहेत.